गाडी कोण पुसतं?

गेल्या मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि घरात गाडी धुण्यावरून भांडण झालं.

आमचं घर ओरोसला, म्हणजे सरकारी कागदावर सिंधुदुर्गनगरीत. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून कोड लिहितो. तीन वर्षांपूर्वी एक जुनी, गडद निळ्या रंगाची छोटी गाडी घेतली. ती चालवतो मी, पण धुतात बाबा. रोज सकाळी चहाच्या आधी चार बादल्या पाणी, एक जुनी बनियन आणि अर्धा तास. त्या दिवशी आई मागच्या दारातून ओरडली, "माणसांका पिवक पाणी नाय आणि गाडयेक आंघोळ!" बाबा काही बोलले नाहीत, पण बादलीही खाली ठेवली नाही. त्यांचे गुडघे गेल्या दोन वर्षांपासून दुखतात. चाकांशी बसले की उठताना बंपरला धरून उठतात.

आमच्या धंद्यातल्या माणसाला असा प्रश्न दिसला की तो आधी वाचत सुटतो. मीही सुटलो. कमी पाण्यात, कमी कष्टात गाडी कशी धुवायची आणि तिला मेण कसं लावायचं, यावर दोन रात्री वाचलं आणि एक बाटली मागवली. पाणी लागतच नाही, फवारा आणि पुसा, असा तिचा दावा होता. रविवारी सकाळी बाबा उठायच्या आत मी बॉनेटवर फवारा मारला आणि नव्या फडक्याने पुसून काढलं. गाडी चमकली. मग ऊन वर आलं आणि त्या निळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसायला लागले.

बाबा आले, वाकून बघितलं. "आदी पाणी, मगे फडको," ते म्हणाले. "धुळीर फडको फिरवशीत तर रंग जातलो. ह्या शिकवक मालकान माका थोबाडीत मारलेली."

कुठला मालक? मी बाबांना टेम्पो ड्रायव्हर म्हणूनच ओळखत होतो. त्याआधी चार वर्षं ते ट्रकवर क्लीनर होते, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी, ओरखडे पडलेल्या बॉनेटपाशी उभं राहून कळलं.

बाबांचं म्हणणं बरोबर का होतं, ते आधी सांगतो. आमच्याकडची धूळ म्हणजे जांभ्याची धूळ. फ्रान्सिस बुकॅनन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवेवर ठेवला की कडक होतो, म्हणून ते नाव. कोकणातली घरं ज्या चिऱ्यांची आहेत, तो हाच दगड. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, आणि लोखंडाचं लाल ऑक्साइड तर जगभर पॉलिश पेपरसारखं घासायला वापरतात. चष्म्याच्या काचा, सोनं यांना चकाकी देणारी जी तांबडी पूड असते, ती हीच. म्हणजे मी बॉनेटवर फडकं नव्हे, पॉलिश पेपर फिरवला होता. आजच्या गाड्यांच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. त्यावर कोरडं जांभं घासलं की काय होणार, हे बाबांना मायक्रॉन न मोजता माहीत होतं.

मग मी या चकाकीचा इतिहास शोधायला लागलो. शोधताना एकच प्रश्न वारंवार समोर आला. 'कमी कष्टात' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ते कष्ट खरंच नाहीसे झालेले असतात, की दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेलेले असतात?

आपल्या किनाऱ्यापासूनच सुरुवात करतो. वाहन कुठलंही असो, त्याच्या पृष्ठभागाला काहीतरी चोपडून पाण्यापासून वाचवायचं, हे काम मोटारीपेक्षा फार जुनं. मालवण, वेंगुर्ल्याच्या बाजूला रापणीच्या होड्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. लाकूड खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून त्यांना माशाचं तेल, उंडीच्या बियांचं तेल, काजूच्या टरफलातलं काळं तेल चोपडायचे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या शिवलेल्या जहाजांबद्दल लिहिलं, की तिथे डांबर नाही म्हणून लाकडाला माशाचं तेल लावतात. त्या जहाजांचा आणि आपल्या होड्यांचा समुद्र एकच, पद्धतही जवळपास एकच. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची, वाळवायची, खरवडायची, तेल चोपडायचं आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात ढकलायची. हे काम ज्याची होडी त्याच्या घरातच होई. तेलाचा वास अंगाला महिनाभर राही, आणि होडी टिकली तर त्याच घराचं पोट भरे. आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांना दरवर्षी तेल लागत नाही. इथे कष्ट खरोखर कमी झाले, कारण मुळातला पदार्थच बदलला.

सावंतवाडीला लाकडी खेळण्यांवर लाखेची चकाकी चढवतात तीही अशीच हुशारीची. लाकूड कातावर फिरत असतं आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. चुलीवर लाख वितळवायची गरज नाही, ब्रश नाही, वाळायची वाट बघायची नाही. कारागिराचा हात स्थिर हवा, एवढंच. लहानपणी चितार आळीतून आणलेला माझा भोवरा असाच केलेला होता.

मोटारीचा इतिहास मात्र वेगळा सुरू झाला. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्याच होत्या आणि त्यांना रंगही बग्गीचाच असे. जवसाच्या तेलातला रंग, त्यावर वार्निशचे थर. प्रत्येक थर वाळायला दिवस लागत, पुन्हा घासायचा, पुन्हा चढवायचा. एक गाडी रंगवायला आठवडे जात. १९१४ ते १९२५ पर्यंत फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, ती या घाईपोटी. डांबरासारख्या पदार्थापासून केलेला काळा रंग भट्टीत लवकर वाळायचा. मग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या ड्यूपॉंट कंपनीच्या 'ड्यूको' रंगात, निळ्या रंगात बाहेर पडल्या. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग काही तासांत वाळायचा. कारखान्यातले आठवडे वाचले.

पण ते कष्ट गेले कुठे? ड्यूकोसारखे रंग उन्हात विटत, वरचा थर खडूसारखा पांढुरका होई. तो घासून काढायचा आणि त्यावर मेण चढवायचं, हे काम आता गाडीच्या मालकाच्या दारात आलं. मेणाचा धंदा वाढला तो इथून. शिकागोत १९१० च्या सुमारास जॉर्ज सायमन्सने गाडीसाठी मेणाची पेस्ट काढली होती. ती 'सायमोनाइझ' इतकी चालली की इंग्रजीत ते गाडी चमकवण्याचं क्रियापदच झालं. ती पेस्ट लावायला अख्खा दिवस लागे, खांदे भरून येत. म्हणून शिकागोतच बेंजामिन हर्श या माणसाने १९४० च्या दशकात पातळ मेण काढलं. घरच्या बाथटबमध्ये तो ते ढवळायचा, बायको बाटल्या भरायची. बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचा फक्त एक मडगार्ड तो चमकवून ठेवायचा आणि मॅच संपून मालक परत येईपर्यंत थांबायचा. तीच पुढे 'टर्टल वॅक्स' झाली. त्यानंतर मेणात सिलिकॉन आलं आणि पुसायला जोर लागेनासा झाला. प्रत्येक नव्या डब्यावर शब्द तेच, सोपं आणि झटपट.

या मेणांतलं सगळ्यांत नावाजलेलं मेण कार्नौबाचं. ब्राझीलच्या ईशान्येकडे, सेआरा आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशात हे ताडासारखं झाड उगवतं. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कुठलं टिकेल ते उघड आहे. विस्कॉन्सिनमधल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचा मालक एच. एफ. जॉन्सन १९३५ साली पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून स्वतः या झाडांच्या शोधात ब्राझीलला गेला होता, इतकं या मेणाचं मोल.

हे वाचताना मी थबकलो. काजू मूळचा त्याच ईशान्य ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि आज आमच्या परड्यात काजूची सात झाडं आहेत. ज्या मातीतून आमच्या होडीला लागणारं तेल आलं, त्याच मातीतून शिकागोच्या गाड्यांचं मेण गेलं. काजूच्या टरफलाचं तेल आता गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्येही वापरतात, म्हणजे ते होडीवरून उतरून गाडीत शिरलं.

पण कार्नौबाचं पान कोण कापतं? लांब बांबूला कोयता बांधून माणसं उन्हात ती पानं पाडतात, वाळवतात, झोडपतात आणि झडलेली मेणाची भुकटी गोळा करतात. ब्राझीलच्या सरकारी कामगार निरीक्षकांनी अशा ठिकाणांहून गुलामासारख्या अवस्थेत राबणाऱ्या मजुरांची सुटका केली आहे. डबा उघडून दोन मिनिटांत गाडी चमकवणाऱ्याला हे दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. माझ्या कपाटातल्या डब्यावर 'अस्सल कार्नौबा' एवढंच लिहिलेलं आहे.

गाडी धुण्याचंही असंच. १९१४ साली डेट्रॉइटमध्ये मोटारी धुण्याचा 'धोबीखाना' निघाला, त्याला स्वयंचलित म्हणत. प्रत्यक्षात माणसंच गाडी एकामागून एक टप्प्यावर ढकलत नेत. एकजण साबण लावे, दुसरा पाणी मारे, तिसरा पुसे. स्वयंचलित होती ती फक्त पाटी.

आपल्याकडे तर पाटीचीही गरज नव्हती. घोडा होता तेव्हा त्याला खरारा करायला मोतद्दार होता. घोडा गेला, मोटार आली आणि मोतद्दाराच्या जागी क्लीनर आला. हा शब्द इंग्रजीतून आला पण मराठीत त्याचा अर्थ निराळाच झाला. क्लीनर म्हणजे साफ करणारी वस्तू नव्हे, माणूस. तो सतरा कामं करतो. चढावर ट्रक थांबला तर चाकामागे लाकडी ठोकळा घालतो, मागे घेताना बाजूला हात आपटत 'आन दे, आन दे' करतो, रात्री मालावर झोपतो. तरी त्याचं नाव पडलं ते गाडी पुसण्यावरून. रेल्वेच्या लोकोशेडमध्येही वाफेच्या इंजिनांच्या काळात आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर अशीच शिडी होती. इंजिन ज्याने हाताने पुसलं त्यालाच ते चालवायला मिळायचं. पुसता पुसता त्याला कुठला नट ढिला आहे, कुठून तेल गळतंय, हे कळत असे. पुसणं हे शिक्षण होतं. पण पगाराच्या कागदावर ते सगळ्यांत खालचं काम होतं.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. त्याच वर्षी बाबा सोळाव्या वर्षी क्लीनर झाले. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात जायचं आणि येताना किराणा माल आणायचा. मुंबई-गोवा महामार्ग तेव्हा सतरा नंबरचा, एकेरी आणि घाटांचा. मालकाचा हुकूम असा की मुंबईत शिरताना ट्रक धुतलेला हवा. म्हणून पहाटे वाटेतल्या नदीवर ट्रक उतरवायचा. ड्रायव्हर झोपायचा आणि बाबा डब्याने पाणी मारून अख्खा ट्रक धुवायचे. एकदा उशीर झाला म्हणून त्यांनी कोरड्या फडक्याने पुढचा पत्रा पुसला. नवीनच रंग दिलेला होता. मालकाने ओरखडे बघितले आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही. ते फक्त माझ्या बॉनेटवरून बोट फिरवत होते.

मला माझी पुण्यातली दोन वर्षं आठवली. तिथे एका सोसायटीत भाड्याने राहत होतो. मित्राची गाडी आम्ही तिघं वापरायचो. महिन्याला काही शे रुपये दिले की ती रोज पहाटे पुसून मिळायची. एक मुलगा यायचा, एकच बादली आणि तिच्यात तीसेक गाड्या. तिसऱ्या गाडीनंतर ते पाणी गढूळ व्हायचं आणि त्याच पाण्याने तो पुढच्या सत्तावीस पुसायचा. आमच्या गाडीवर ओरखडे आले तेव्हा मित्राने त्याच्यावर आवाज चढवला आणि मी बाजूला मोबाइल बघत उभा होतो. एका बादलीवर दुसरी बादली पाणी घ्यायची परवानगी सोसायटीने त्याला दिली नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या मुलाचं नाव मला आजही माहीत नाही. गाडी धुण्याचा सगळ्यांत कमी कष्टाचा मार्ग मी तेव्हा वापरत होतो आणि तो पहाटे पाचला उठत होता.

हे सगळं उलगडल्यावर मी आमच्या घरापुरता प्रश्न नव्याने मांडला. बाबांचे कष्ट दुसऱ्यावर ढकलायचे नाहीत, खरंच कमी करायचे. त्यासाठी आता पदार्थ आहेत. १९७० साली जपानमध्ये तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी केसाहून कित्येक पट बारीक धागा करून दाखवला. गाडी पुसायची मायक्रोफायबरची फडकी त्याच जातीच्या धाग्याची. जुन्या बनियनचा सुती धागा धूळ पुढे ढकलत नेतो, मायक्रोफायबर ती आपल्या फटींत उचलून घेतो. दुसरी गोष्ट म्हणजे नंतर पाणी ओतावं न लागणारे शाम्पू. त्यातले रेणू धुळीच्या कणाभोवती गुंडाळले जाऊन त्याला निसरडं करतात, त्यामुळे तो पत्र्यावर घासला न जाता फडक्यात येतो. तिसरी गोष्ट, ओल्या पत्र्यावर फवारून पुसायचं पातळ मेण. डब्यातल्या मेणाइतकं ते टिकत नाही, पण पुसतानाच लागून जातं.

आमची पद्धत आता अशी ठरली आहे. ऊन चढायच्या आत, सावलीत. आधी अर्धी बादली साधं पाणी तांब्याने टपावरून खाली सोडायचं, म्हणजे जांभं वाहून जातं. ही पायरी बाटलीवर छापलेली नव्हती, ती बाबांची. मग दुसऱ्या बादलीत आठ लिटर पाणी आणि झाकणभर शाम्पू, त्यात पाच-सहा फडकी. एक फडकं चौघडी घालून एका भागावर एकाच दिशेने फिरवायचं, बाजू मळली की उलटायची, आठही बाजू संपल्या की ते बाजूला टाकायचं आणि दुसरं घ्यायचं. मळकं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि चाकांचं फडकं वेगळं. दर दुसऱ्या आठवड्याला शेवटच्या ओल्या हातावर मेणाचा फवारा. सगळं मिळून वीस मिनिटं आणि दीड बादली पाणी. उरलेलं पाणी काजूच्या बुंध्यात न घालता वाटेवर टाकतो, कारण त्यात साबण आहे. रोज धुणं बंद झालं आहे, आता आठवड्यातून एकदा.

पहिल्या दिवशी बाबा खुर्ची टाकून बघत बसले. मी दरवाजापर्यंत आलो तर म्हणाले, "मडगार्डाच्या आत हात घाल. थंय चिखल रवता आणि थंयच पत्रो सडता." मी हात घातला, मुठीएवढा लाल चिखल निघाला. खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. मी वाचलेल्या कुठल्याच मजकुराने मला ते सांगितलं नव्हतं, कारण तो लिहिणाऱ्यांच्या गावात बहुधा जांभं नव्हतं.

"तुमी कधी सांगूक नाय," मी म्हटलं, "क्लीनर होतास ता."

"तू कधी इचारूक नाय," बाबा म्हणाले. मग उठले, बादलीतलं एक स्वच्छ फडकं पिळून घेतलं आणि टप पुसायला लागले. तिथे वाकावं लागत नाही. खालचा अर्धा भाग माझा.